पॅच न बिघडवणारा ईमेल क्लायंट: ओपन सोर्स विकासकांसाठी निवड, मांडणी आणि चाचणी

लिनक्स कर्नल, गिट, क्यूईएमयू, यू-बूट अशा प्रकल्पांत कोडमधला बदल, म्हणजेच ‘पॅच’, ईमेलच्या मजकुरातून सादर होतो. इतर विकासक त्याच मेलला उत्तर देत ओळीओळीवर शेरे लिहितात, लेखक सुधारलेली आवृत्ती पुन्हा पाठवतो, आणि मतभेद मिटले की मेंटेनर (प्रकल्पाचा तो भाग सांभाळणारा विकासक) तो मेल जसाच्या तसा गिटच्या, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली करून बदल आपल्या शाखेत घेतो. म्हणजे आपला मेल शेवटी एक प्रोग्राम वाचणार असतो, आणि एखादी स्पेस कमी झाली किंवा वाढली तरी त्या प्रोग्रामचे अडते. नेहमीच्या वापरातले बहुतेक ईमेल क्लायंट मात्र माणसांनी वाचायच्या पत्रांसाठी घडवलेले असतात. ओळी सुबक दिसाव्यात म्हणून ते मजकुरात परस्पर फेरफार करतात आणि त्याची वाच्यताही करत नाहीत.

नवख्या विकासकाला सहसा ‘मट घे’ किंवा ‘थंडरबर्ड चालेल’ असा एका वाक्याचा सल्ला मिळतो. माझ्या मते हा प्रश्न मुळातच दोन भागांत मांडायला हवा. पॅच पाठवणे हे एक काम आहे, आणि चर्चा वाचून तिला उत्तरे देणे हे दुसरे. पहिले काम कोणत्याही ईमेल क्लायंटकडे देऊच नये. त्यासाठी गिटमध्येच सोय आहे. एवढी फारकत केली की क्लायंटकडून ठेवायच्या अपेक्षा बऱ्याच कमी होतात, आणि ज्याला टर्मिनलची सवय नाही त्यालाही निवडीला वाव राहतो.

पुढे आज्ञांची आणि सेटिंगांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची.

आधी प्रकल्पाची रीत पाहावी

क्लायंट शोधण्याआधी आपण ज्या प्रकल्पात काम करणार आहोत तिथे पॅच कसा स्वीकारतात हे त्यांच्या मार्गदर्शिकेत वाचावे. गिटहब किंवा गिटलॅबवर चालणाऱ्या प्रकल्पात ईमेल केवळ सूचना मिळण्यापुरता असतो, तेव्हा तिथे हातात असलेला क्लायंट पुरतो आणि हा लेख वाचण्याची गरज उरत नाही.

ईमेलवर चालणाऱ्या प्रकल्पांतही एकच रीत नाही. कर्नलमध्ये पॅच मेलच्या मजकुरातच हवा असतो, कारण समीक्षकाला त्यातली नेमकी ओळ उद्धृत करून तिच्याखाली लिहायचे असते; जोडणी म्हणून पाठवलेल्या फाइलवर असे लिहिता येत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रकल्पाच्या ‘पीजीएसक्यूएल-हॅकर्स’ या ईमेल यादीवर (यादीच्या पत्त्यावर पाठवलेला मेल सर्व सदस्यांना जातो) याच्या नेमकी उलट पद्धत आहे. तिथे पॅच जोडणी म्हणूनच पाठवतात, फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि कमिटफेस्टमध्ये (पॅचच्या समीक्षेच्या ठरावीक फेरीत) नोंदलेल्या चर्चेतल्या जोडण्या उचलून त्यांची चाचणी घेणारी स्वयंचलित यंत्रणाही आहे. ब्राउझरमधला जीमेल जोडणीला हात लावत नसल्यामुळे तिथे तो निर्धास्त वापरता येतो, कर्नलसाठी मात्र नाही. ‘जीमेल चालते का’ या प्रश्नाला दोन अनुभवी माणसे दोन उत्तरे देतात आणि दोघेही बरोबर असतात, ते यामुळे.

डेबियन या लिनक्स वितरणाची रीत आणखी निराळी आहे. तिथली बगची नोंदच ईमेलवर चालते: मजकुराच्या पहिल्या ओळींत पॅकेजचे नाव आणि आवृत्ती लिहायची, आणि बगची स्थिती बदलायची असेल तर नियंत्रणाच्या पत्त्यावर एकेका ओळीत एकेक आज्ञा पाठवायची. अशा ठिकाणी मजकूर साधा असणे पुरेसे असते. पॅचइतका काटेकोरपणा प्रत्येक मेलला लागत नाही.

गिट या प्रकल्पाने ईमेल नकोच असलेल्यांसाठी ‘गिटगिटगॅजेट’ नावाची सोय ठेवली आहे. गिटहबवर पुल रिक्वेस्ट उघडून तिच्यावर ‘/सबमिट’ असा शेरा दिला की ती पॅचमालिकेच्या रूपात यादीवर जाते. पहिल्यावहिल्या योगदानासाठी ही वाट चांगली आहे.

क्लायंट नेमके काय बिघडवतो

पॅचमधली प्रत्येक ओळ तिच्या पहिल्या अक्षरावरून ओळखली जाते. वाढवलेल्या ओळीपुढे अधिक चिन्ह असते, काढलेल्या ओळीपुढे वजा चिन्ह असते, आणि आजूबाजूच्या न बदललेल्या ओळींपुढे एक स्पेस असते. समजा, वाढवलेली एक ओळ ९० अक्षरांची आहे आणि क्लायंट ७८ अक्षरांनंतर ओळ मोडतो. उरलेली १२ अक्षरे नव्या ओळीवर जातात, त्यांच्यापुढे तिन्हींपैकी एकही खूण नसते, आणि मेंटेनरने पॅच लावायला घेतला की गिट ‘करप्ट पॅच’ असे म्हणून अमुक ओळीशी थांबते. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो तरी.

टॅबचा दोष दिसतही नाही. कर्नलच्या सी कोडमध्ये ओळींचा आत सरकवलेला भाग टॅबने भरलेला असतो आणि तिथे एक टॅब ८ स्तंभांचा मानतात. मेकफाइलमध्ये तर आज्ञेच्या ओळीपुढे टॅब असावाच लागतो. क्लायंटने एका टॅबच्या जागी आठ स्पेस घातल्या की पडद्यावर सगळे जिथल्या तिथे दिसते, पण न बदललेल्या ओळी मूळ फाइलशी जुळत नाहीत आणि ‘पॅच डझ नॉट अप्लाय’ हा संदेश येतो. जीमेलचा ब्राउझरमधला लेखनकक्ष या दोन्ही गोष्टी करतो: टॅबच्या स्पेस करतो आणि लांब ओळी मोडतो. शिवाय मजकुरात इंग्रजीबाहेरचे एखादे अक्षर आले, उदाहरणार्थ कोणाचे नाव देवनागरीत किंवा स्वरचिन्हांसह लिहिलेले असले, की तो सगळा मजकूर बेस६४ या सांकेतिक रूपात बांधून पाठवतो. गिट ती बांधणी सोडवून घेते, पण मेलचा मूळ मजकूर तसाच उघडून पाहणाऱ्याला तिथे नुसता अक्षरांचा ढिगारा दिसतो.

तिसरा दोष ‘फॉरमॅट-फ्लोड’ या पद्धतीचा आहे आणि तो सर्वांत फसवा म्हणावा असा आहे. आरएफसी ३६७६ या इंटरनेट दस्तऐवजात वर्णिलेली ही पद्धत लहान-मोठ्या पडद्यांवर परिच्छेद नीट वाहावेत या सद्हेतूने आली. तिच्यात ओळीच्या शेवटी स्पेस असेल तर पुढची ओळ त्याच परिच्छेदाची मानली जाते, आणि ज्या ओळीची सुरुवातच स्पेसने होते तिच्यापुढे पाठवताना आणखी एक स्पेस घातली जाते. वर पाहिल्याप्रमाणे पॅचमधल्या न बदललेल्या साऱ्या ओळी स्पेसनेच सुरू होतात, म्हणजे या पद्धतीच्या तडाख्यात पॅचचा मोठा भाग सापडतो. अशा मेलमधला पॅच लावताना गिट हल्ली सूचनाही देते, पण तोवर मेल यादीवर सर्वांकडे पोहोचलेला असतो.

एचटीएमएलबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. कर्नलच्या याद्या असा मेल सरळ परत पाठवतात.

पाठवणी गिटकडे सोपवावी

लिनस टॉर्व्हाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिले ते कर्नलच्या कामासाठीच, त्यामुळे पॅचची ईमेलने देवाणघेवाण करण्याच्या आज्ञा त्यात घडवलेल्या आहेत. ‘गिट फॉरमॅट-पॅच’ ही आज्ञा प्रत्येक कमिटची (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाची) एकेक मेलच तयार करते, ‘गिट सेंड-ईमेल’ ती मेल सर्व्हरकडे पोहोचवते आणि ‘गिट एएम’ मिळालेल्या मेलमधून पुन्हा कमिट घडवते. पाठवताना कोणताही ईमेल क्लायंट मजकुराला शिवत नाही, हा या पद्धतीचा खरा लाभ.

डेबियन, उबंटू आणि फेडोरामध्ये पाठवणीचा भाग ‘गिट-ईमेल’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतो, तेवढे आधी स्थापित करावे. त्यानंतर गिटच्या सेटिंगमध्ये ‘सेंडईमेल’ या गटाखाली चार गोष्टी भराव्या लागतात: एसएमटीपी सर्व्हरचे (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचे) नाव, पोर्ट, सांकेतिकीकरणाचा प्रकार आणि वापरकर्त्याचे नाव. जीमेलच्या बाबतीत सर्व्हर ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’, पोर्ट ५८७ आणि सांकेतिकीकरण ‘टीएलएस’. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. खात्यावर द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ तयार करावा आणि तो द्यावा. तो सेटिंगच्या फाइलमध्ये उघडा लिहून ठेवण्यापेक्षा गिटच्या क्रेडेन्शियल हेल्परकडे (पासवर्ड सांभाळणाऱ्या सोयीकडे) दिलेला बरा, कारण आपल्या सेटिंगच्या फाइली सार्वजनिक रेपॉझिटरीत ठेवण्याची सवय अनेकांना असते आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर चव्हाट्यावर जातो. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यांनी २०२४ मध्ये साध्या पासवर्डने प्रवेश देणे बंद केले. तिथे ओऑथची (पासवर्डऐवजी टोकनने प्रवेश देणाऱ्या पद्धतीची) मांडणी करावी लागते आणि ती नवख्याला बरीच किचकट वाटते. ज्याला केवळ या कामासाठी नवा पत्ता घ्यायचा आहे त्याने एसएमटीपी आणि आयमॅप (सर्व्हरवरचा मेल क्लायंटमध्ये वाचण्याची पद्धत) या दोन्ही सोयी विनासायास देणारी सेवा निवडावी.

इथे प्रोटॉनमेल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहजासहजी लक्षात येत नाही. ज्याला आपण मेल धाडतो त्याची सार्वजनिक किल्ली सापडली की ही सेवा मेल आपोआप सांकेतिक करते. कर्नलच्या मेंटेनरांच्या किल्ल्या शोधता येतील अशाच ठेवलेल्या असतात. मग यादीवर साधा मजकूर जातो आणि मेंटेनरच्या हाती सांकेतिक मेल पडतो. खासगी पत्रव्यवहारात हीच सोय उत्तम आहे, पॅचसाठी मात्र दुसरा पत्ता बरा.

मांडणी झाली की क्रम असा ठेवावा. प्रथम ‘फॉरमॅट-पॅच’ने फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये काढाव्यात, एकाहून अधिक पॅच असतील तर आवरणपत्राचा पर्याय द्यावा आणि त्यात मालिकेचा हेतू लिहावा. कर्नलसाठी पॅचमधल्या चुका तपासणारी ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट चालवावी आणि मेल कोणाला जायला हवा हे ‘गेट_मेंटेनर’ या स्क्रिप्टकडून काढावे. मग ‘ड्राय-रन’ पर्यायासह ‘सेंड-ईमेल’ चालवून विषय आणि पत्ते तपासावेत, त्यानंतर मालिका केवळ स्वतःच्या पत्त्यावर पाठवावी, आणि ती नीट पोहोचली तरच यादीवर. ही मधली पायरी अनुभवी लोकही गाळत नाहीत.

कर्नलच्या कामात रुळल्यावर ‘बी४’ हे साधन अवश्य पाहावे. ते मालिकेच्या आवृत्त्यांचा हिशेब ठेवते, पत्ते गोळा करते, आणि ज्यांच्या नेटवर्कमधून एसएमटीपी बाहेर जातच नाही अशांना कर्नल डॉट ऑर्गच्या वेबमार्गाने पॅच सादर करू देते. त्यासाठी आपली किल्ली तिथे एकदा नोंदवावी लागते. महाविद्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या वाय-फायवर मेलची पोर्टे बंद असतात, अशा विद्यार्थ्यांना हा मार्ग विशेष उपयोगी पडेल.

वाचनासाठी आणि उत्तरांसाठी क्लायंट

आता क्लायंटकडून मागायचे ते एवढेच: त्याने साध्या मजकुरात उत्तर लिहू द्यावे, उद्धृत ओळी मोडू नयेत, चर्चा झाडासारख्या फांद्यांत दाखवावी, ‘सर्वांना उत्तर’ हाताशी ठेवावे, आणि कोणताही मेल कच्च्या स्वरूपात फाइलमध्ये उतरवू द्यावा किंवा सरळ दुसऱ्या प्रोग्रामकडे सोडू द्यावा. फांद्यांचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण बारा पॅचच्या मालिकेत तिसऱ्या पॅचवरील आक्षेपाला कोणी काय उत्तर दिले हे सपाट क्रमाने लावलेल्या संभाषणात शोधून पाहावे, म्हणजे त्याची किंमत कळते. जीमेल संभाषण सपाटच दाखवते, आणि आपणच यादीला पाठवलेला मेल यादीकडून परत आला की तो वेगळा दाखवत नाही, त्यामुळे आपला मेल पोहोचला की नाही अशी शंका नवख्यांना येत राहते.

मट हा क्लायंट १९९५ पासून आहे आणि कर्नलच्या वर्तुळात आजही अनेकांचा हाच पहिला पर्याय असतो. ‘निओमट’ ही त्याचीच वाढवलेली शाखा. त्याचे मोठेपण असे की तो स्वतःहून मजकुरात काहीच करत नाही. उत्तर लिहायला आपला नेहमीचा संपादक उघडतो, मग तो व्हिम असो वा इमॅक्स. ‘जी’ दाबले की सर्वांना उत्तर, ‘एल’ मोठ्या लिपीत दाबले की यादीला उत्तर. मालिका तपासायची असेल तर ‘टी’ने एकेक पॅच निवडायचा, अर्धविराम आणि ‘एस’ दाबून निवडलेले सारे मेल एका फाइलमध्ये उतरवायचे, आणि ती फाइल ‘गिट एएम’ला द्यायची, एकच पॅच असेल तर उभी रेघ दाबून तो तिथूनच गिटकडे सोडता येतो. दिवसाकाठी पाच-दहा मालिका लावून पाहणाऱ्याचा यात इतका वेळ वाचतो की मांडणीसाठी घालवलेले दोन-तीन दिवस भरून निघतात.

दिवस मात्र खरोखरच जातात. मटला मेल आणून देण्यासाठी ‘एमबीसिंक’, पाठवण्यासाठी ‘एमएसएमटीपी’ आणि शोधासाठी ‘नॉटमच’ अशी स्वतंत्र साधने जोडण्याची रीत आहे, आणि प्रत्येकाची सेटिंग फाइल वेगळी. मराठी वापरकर्त्याला आणखी एक अडचण येते. अनेक टर्मिनल देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा नीट मांडत नाहीत. अक्षरांची रुंदी चुकते, ओळ पुढे-मागे सरकते आणि ‘ज्ञानेश्वरी’ वाचवत नाही अशी गत होते. कामाचा पत्रव्यवहार इंग्रजीत असल्याने त्याचे फार अडत नाही. पण घरच्यांचे आणि मित्रांचे मराठी मेलही त्याच पेटीत येत असतील तर त्यांच्यासाठी चित्रमय क्लायंट सोबत ठेवावा लागतो. आयमॅपमुळे एकाच खात्यावर दोन क्लायंट ठेवता येतात आणि त्यात गैर काही नाही.

ज्याला महिन्याकाठी चार-सहा पॅच पाठवायचे आहेत आणि त्यांवरच्या शेऱ्यांना उत्तरे द्यायची आहेत, त्याला मी थंडरबर्डच सुचवेन. लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर तो चालतो, देवनागरी स्वच्छ दाखवतो, ओपनपीजीपीची (मेल सांकेतिक करण्याची) सोय २०२० मधल्या ७८ व्या आवृत्तीपासून त्यात अंगभूत आहे. मात्र स्थापित केला तसा तो या कामाला योग्य नसतो. पुढील बदल करूनच घ्यावा. खात्याच्या सेटिंगमधील ‘कंपोझिशन अँड ॲड्रेसिंग’ या भागात एचटीएमएलमध्ये मेल लिहिण्याचा पर्याय बंद करावा आणि उत्तराची सुरुवात उद्धरणाच्या खाली व्हावी असे निवडावे. त्यानंतर सर्वसाधारण सेटिंगच्या तळाशी असलेला ‘कॉन्फिग एडिटर’ उघडून ‘मेलन्यूज.सेंड_प्लेनटेक्स्ट_फ्लोड’ची किंमत ‘फॉल्स’ करावी, म्हणजे वर सांगितलेला तिसरा दोष जातो. शेवटी ‘मेलन्यूज.रॅपलेंग्थ’ ही ७२ असते ती शून्य करावी. या शेवटच्या बदलाची किंमत अशी की आपण लिहिलेल्या वाक्यांच्या ओळीही आता आपोआप मोडणार नाहीत. ७०-७२ अक्षरांवर एंटर दाबण्याची सवय स्वतःलाच लावून घ्यावी लागते. ती जड वाटली तर बाह्य संपादक जोडण्याचे विस्तारक आहेत.

थंडरबर्डमध्ये कंट्रोल-यू दाबल्यावर मेलचा मूळ स्रोत दिसतो, आणि मेल फाइलमध्ये जतन केला तर ती फाइल ‘गिट एएम’ स्वीकारते. मटइतका हा मार्ग झटपट नाही, पण कधीमधी पॅच लावणाऱ्याला पुरतो.

या दोघांच्या मधली जागा ‘एर्क’ हा टर्मिनलवरचा नवा क्लायंट घेतो. तो ईमेलवर चालणाऱ्या प्रकल्पांचे काम डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेला आहे, पॅचमधील ओळी रंगांत दाखवतो, खाते जोडताना प्रश्न विचारून सेटिंग भरून घेतो, आणि ‘पाइप’ आज्ञेने मेल गिटकडे सोडतो. मटची जुनी सवय नसलेल्या आणि तरीही टर्मिनलमध्येच राहू इच्छिणाऱ्याने आज सुरुवात एर्कपासून करावी असे मला वाटते.

उरलेल्यांविषयी थोडक्यात. क्लॉज मेल हलका आणि विश्वासू आहे. लिहिताना ओळी आपोआप मोडण्याचा पर्याय तेवढा बंद करावा. इव्होल्यूशनमध्ये परिच्छेदाची शैली ‘प्रीफॉरमॅट’ निवडल्याशिवाय पॅचचा मजकूर घालू नये. केमेलमध्ये ओळी आपोआप मोडण्याचा पर्याय काढावा लागतो. ‘अल्पाइन’ चालतो, पण ओळीच्या शेवटच्या स्पेस काढून टाकण्याची आणि फ्लोड मजकुराची अशा दोन्ही सेटिंग तपासाव्यात. इमॅक्समध्येच दिवस घालवणाऱ्याला ‘नस’ किंवा ‘एमयू४ई’ सांगण्यासाठी माझी गरज नाही. आउटलुकने कर्नलला पॅच पाठवण्याचा हट्ट धरू नये. लोटस नोट्सविषयी कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजात ‘यापासून दूर पळा’ एवढाच सल्ला आहे, आणि त्यात भर घालण्याजोगे काही नाही.

यादीचा पूर आणि पेटी

कर्नलच्या मुख्य यादीवर दिवसाकाठी हजाराच्या घरात मेल येतात. तिचे सदस्यत्व घेतलेच पाहिजे असे नाही. सदस्य नसतानाही मेल पाठवता येतो, आणि ‘सर्वांना उत्तर’ देण्याची रीत असल्यामुळे आपल्या पॅचवरचे शेरे आपल्यापर्यंत पोहोचतात. इतरांच्या चर्चा ‘लोर डॉट कर्नल डॉट ऑर्ग’ या संग्रहात वाचाव्यात. एखाद्या चर्चेत बोलायचे असेल तर तिच्यातल्या मेलचा मेसेज-आयडी (प्रत्येक मेलची स्वतंत्र ओळख) घेऊन ‘बी४ एमबॉक्स’ने ती संपूर्ण चर्चा उतरवावी आणि मटमध्ये ‘एफ’ पर्यायाने ती फाइल उघडून तिथूनच उत्तर द्यावे, म्हणजे ‘इन-रिप्लाय-टू’ हे शीर्ष (हा मेल कशाचे उत्तर आहे हे सांगणारी ओळ) बरोबर भरले जाते आणि आपला मेल योग्य फांदीवर लागतो. विषयाची ओळ तीच ठेवून नवा मेल लिहिला तर तो फांदीवर लागत नाही, एकटाच लोंबकळत राहतो.

सदस्यत्व घेतलेच, तर मेलची वाटणी विषयाच्या ओळीवरून न करता ‘लिस्ट-आयडी’ या शीर्षावरून करावी, आणि शक्यतो सर्व्हरवर करावी. क्लायंट बदलला तरी ती नियमावली मग टिकून राहते.

निवड पक्की करण्यापूर्वी चाचणी

कोणाच्याही शिफारशीवर, या लेखातल्यासुद्धा, विसंबू नये. क्लायंटची नवी आवृत्ती येते आणि सेटिंग बदलते. चाचणीला अर्धा तास पुरतो.

एक रिकामी रेपॉझिटरी तयार करून तिची दुसऱ्या फोल्डरमध्ये प्रत काढावी. पहिलीत एक फाइल घालावी जिच्यात मुद्दाम अडचणीच्या ओळी असतील: टॅबने सुरू होणारी एक, १२० अक्षरांची एक, शेवटी स्पेस असलेली एक, पूर्ण रिकामी एक, आणि देवनागरी मजकुराची एक. ही फाइल प्रथम कमिट करून दोन्हीकडे सारखी असू द्यावी. मग तिच्या मधल्या एकदोन ओळी बदलून दुसरा कमिट करावा, म्हणजे अडचणीच्या ओळी पॅचमध्ये बदललेल्या आणि न बदललेल्या अशा दोन्ही रूपांत येतील. कमिटच्या संदेशातही एक देवनागरी शब्द असावा. हा पॅच ‘गिट सेंड-ईमेल’ने स्वतःला पाठवावा, निवडीत असलेल्या क्लायंटमधून कच्च्या स्वरूपात जतन करावा आणि दुसऱ्या प्रतीत ‘गिट एएम’ने लावावा. दोन्ही प्रतींतील फाइलींची तुलना केल्यावर काहीही फरक दिसता कामा नये. इथे फरक पडला तर दोष सहसा मेल सेवेचा किंवा जतन करण्याच्या पद्धतीचा असतो.

दुसरा भाग उत्तराचा. त्याच मेलला क्लायंटमधून उत्तर द्यावे, लांब ओळ आणि टॅबची ओळ उद्धृत ठेवून त्यांच्याखाली एकेक वाक्य लिहावे, आणि ते आपल्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवून तिथे मूळ स्रोत उघडावा. ‘कंटेंट-टाइप’समोर ‘टेक्स्ट/प्लेन’ आणि यूटीएफ-८ असावे, ‘फॉरमॅट-फ्लोड’ हे शब्द नसावेत, एचटीएमएलचा दुसरा भाग नसावा, ‘इन-रिप्लाय-टू’ असावे, आणि उद्धृत लांब ओळ अखंड असावी. यांपैकी एखादी गोष्ट चुकली आणि सेटिंगने सुधारत नसेल तर तो क्लायंट कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा.

कार्यालयाचा पत्ता असेल तर

कंपनीच्या वेळेत, कंपनीसाठी योगदान करणाऱ्यांचा प्रश्न क्लायंटपाशी संपत नाही, कारण बिघाड सर्व्हरवर होतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली ‘हा मजकूर गोपनीय आहे, चुकून मिळाल्यास नष्ट करावा’ अशा अर्थाची तळटीप जोडणारे सर्व्हर आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत सर्रास असतात, आणि गोपनीय म्हणून शिक्का मारलेला पॅच सार्वजनिक प्रकल्पात कोणी घेणार नाही. काही सर्व्हर ओळींची बांधणीही बदलतात. वरील चाचणी कार्यालयाच्या पत्त्यावरून बाहेरच्या पत्त्याकडे मेल पाठवून केली की हे लगेच उघडकीस येते. आतल्या आत पाठवून ते कळत नाही.

अशा वेळी आयटी विभागाकडे योगदानासाठी तळटीपमुक्त वाट मागावी. ती मिळेपर्यंत, कंपनीची परवानगी घेऊन, वैयक्तिक पत्त्यावरून पाठवावे. कमिटचा लेखक म्हणून कार्यालयाचा पत्ता ठेवून दुसऱ्या पत्त्यावरून मेल गेला तरी ‘गिट सेंड-ईमेल’ मजकुराच्या पहिल्या ओळीत लेखकाचे नाव आणि पत्ता घालते, आणि पॅच लावताना श्रेय त्याच पत्त्याकडे जाते. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ (हा कोड सादर करण्याचा आपल्याला अधिकार आहे अशी सही) लेखकाच्या पत्त्याशी जुळते ना, तेवढे पाहावे.

फोनवरून उत्तर देण्याचा मोह

समीक्षकाचा शेरा लोकलमध्ये असताना येतो आणि तिथल्या तिथे दोन ओळींचे उत्तर द्यावेसे वाटते. जीमेलचे फोनवरचे ॲप एचटीएमएलमध्ये मेल पाठवते, त्यामुळे ते उत्तर शेरा लिहिणाऱ्याकडे पोहोचते, पण यादीवरून परत येते, आणि पुढे त्याने आपल्याला उत्तर दिले की बाकीच्यांना अर्धीच चर्चा दिसते. अँड्रॉइडवर के-९ मेल किंवा त्याच्यावरून २०२४ मध्ये घडवलेला थंडरबर्ड ठेवावा आणि त्याच्या सेटिंगमध्ये संदेशाचे स्वरूप ‘प्लेन टेक्स्ट’ निवडावे. त्यातही उद्धृत भाग छाटून नेमक्या ओळीखाली लिहिणे बोटांनी कठीण जाते. ‘मान्य, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो’ एवढेच लिहायचे असेल तर फोन चालेल, कोडच्या ओळीवर वाद घालायचा असेल तर उत्तर संगणकासमोर बसूनच द्यावे. कर्नलच्या यादीवर उत्तराला एक-दोन दिवस लागले म्हणून कोणी वाईट वाटून घेत नाही.